वाट राखणारी माणसं

काळ्या मातीत वाट टिकत नाही. उन्हाळाभर बंडीच्या चाकांनी आणि ढोरांच्या खुरांनी घट्ट केलेली पांदण मृगाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की फुगू लागते. वैशाखात जिच्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल, तीच जमीन आता मिटते, चिकट होते, चालणाऱ्याचा पाय सोडत नाही. दहा पावलं टाकावीत तर चपलेखाली चपलेहून जड माती. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात माणसं चपला हातात घेऊन शेताला जातात, आणि संध्याकाळी परतणाऱ्या बाया गावाच्या तोंडाशी थांबून तुऱ्हाटीच्या काडीनं पाय खरडतात. या मातीनं बुलढाणा जिल्ह्याला कापूस दिला, तूर दिली, आता सोयाबीन देते. वाट मात्र ती देत नाही. ती दरवर्षी माणसांनी करावी लागते.

आणि नेमक्या याच दिवसांत, आषाढ उतरणीला लागून श्रावण दाराशी आलेला असताना, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते.

ही पालखी पायी निघू लागली त्याला पाच दशकांहून अधिक काळ झाला. जाताना ती अकोला, वाशीम, हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव, सोलापूर असे जिल्हे ओलांडत सुमारे ७०० किलोमीटर चालते, महिनाभर. परतीची वाट वेगळी आणि जवळची. बीड-जालना करत ती सिंदखेड राजाला आमच्या जिल्ह्यात शिरते. जिजाऊंचं जन्मगाव ते. लखुजी जाधवांच्या राजवाड्याच्या गावी पालखीचा मुक्काम पडतो, आणि तिथून पुढे बिबी, लोणार, मेहकर, जानेफळ, शिर्ला नेमाने, आवार, खामगाव असं करत ती शेगावला पोचते. या नावांत आमचा सगळा जिल्हा येतो. लोणारला उल्केनं कोरलेलं विवर आणि त्यातलं खारं पाणी. मेहकरला पैनगंगा आणि शारंगधर बालाजी. आणि मग अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून खाली पूर्णेच्या खोऱ्यात उतरणं. आमच्याकडे माणसाची ओळख सांगताना तो घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारतात. पालखी घाटावरून येते आणि घाटाखाली विसावते. वर्षातून एकदा ती जिल्ह्याच्या या दोन्ही अंगांना एकाच दोरीत ओवते.

मी स्वतः पंढरपूरपर्यंत पायी गेलेलो नाही. माझ्या वाट्याला आली ती वाटेच्या काठावरची बाजू. वारीला जाणाऱ्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. दोन महिने घरदार मागे ठेवून बाराशे किलोमीटरांवर चालणं ही लहान गोष्ट नव्हे. पण इतकी लांब वाट कोण राखतं, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. पाय चालणाऱ्याचे असतात, पण पायाखालची जमीन कुणीतरी तयार करून ठेवलेली असते. ते कुणीतरी बहुधा चारशे-पाचशे पावलांपलीकडे कधी जातही नाही.

माझ्या मामाचं गाव मेहकर-खामगाव रस्त्यापासून आत आहे. गावाला रस्त्याशी जोडणारी एक पांदण, दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये एक नाला. पालखी या गावात येत नाही. ती मोठ्या रस्त्यानं पुढे जाते. पण गाव पालखीला भेटायला रस्त्यावर येतं. भाकरीच्या दुरड्या, पिठल्याची पातेली, पाण्याच्या टाक्या, लहान पोरं आणि ज्यांना धड चालता येत नाही अशी म्हातारी माणसं, हे सगळं त्या पांदणीतून रस्त्याला न्यायचं असतं. म्हणून पालखी येण्याआधी पांदण नीट झालीच पाहिजे, असा गावाचा जुना पायंडा. घरटी एक माणूस, ज्याच्या घरी जे असेल ते अवजार. टिकाव, फावडं, सब्बल, विळा, घमेली. निवृत्त झालेला एसटीचा कंडक्टर असतो, दहावीच्या वर्गातली पोरं असतात, डवरणीतून सकाळ काढून आलेला शेतकरी असतो, आणि बायका तर निम्म्याहून जास्त. कुणी कुणाला हजेरी विचारत नाही.

या कामातले जाणते म्हणजे एक बुवा. टाळकरी म्हणून बुवा, कीर्तनकार म्हणून नव्हे. त्यांचं काम पालखीच्या महिनाभर आधी, पहिल्या जोरदार पावसात सुरू व्हायचं. सगळं गाव घरात शिरलेलं असताना हे डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन पांदणीत उभे. काय करताय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "पानी पाहून राह्यलो." पाऊस पडत असतानाच पाणी कुठून वाटेवर येतं, किती अंतर तिच्यावरून पळतं आणि कुठे तिला सोडून जातं, हे ते बघत. जिथे पाणी शिरलं तिथे तुऱ्हाटीची एक काडी, जिथे निघालं तिथे दुसरी. पाऊस उघडला की सगळी पांदण काड्यांनी लिहिलेली असायची, आणि त्या काड्या वाचत पोरं कामाला लागायची.

"रस्ता कोन खाते? गाडी नाई खात, बैल नाई खात. पानी खाते. त्याले जायाले जागा दाखोली का ते गुमान जाते बाप्पा."

एवढंच त्यांचं शास्त्र होतं, आणि ते पक्कं होतं. वाटेला आडवा, पण सरळ आडवा नव्हे, उताराकडे कललेला असा चर खणायचा. त्याच्या खालच्या काठाला दगड रोवायचे, तेही अर्धे जमिनीत जातील असे. पाणी वाटेवरून पळत येतं, दगडाला लागतं, वळतं आणि धुऱ्याच्या बाजूनं नाल्याकडे निघून जातं. असा चर दर तीस-चाळीस पावलांवर. चढ जास्त असेल तिथे जवळजवळ, सपाटीवर लांब लांब. मग खाली गोटे, वर टेकडीचा मुरूम. आमच्या काळ्या मातीच्या पोटात जो काळा पाषाण आहे, त्याचाच ऊन-पावसानं झिजून झालेला हा तांबूस भुगा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, मुरूम तसं करत नाही. तो दबतो, बसतो. वाटेचा मधला भाग उंच, दोन्ही कडांना उतार. आणि एका दमात सगळा मुरूम टाकायचा नाही. एक थर, त्यावर पाणी, त्यावरून बैल आणि शेळ्या फिरवायच्या, मग दुसरा थर. घाई करणाऱ्या पोरांना बुवा मुरुमाच्या घमेल्यापाशी थांबवून ठेवत. दबल्याशिवाय वरचा थर टाकला तर तो पहिल्या पावसात नाल्यात जाईल, आणि तुमची मेहनतही जाईल, हे त्यांचं म्हणणं.

पण मातीचं काम हे यातलं सोपं काम. अवघड काम धुऱ्याचं. विदर्भातली कुठलीही पांदण घ्या, ती जुन्या माणसांच्या आठवणीत होती त्याहून आज अरुंद आहे. कडेचा शेतकरी नांगरताना दरवर्षी एक तास पांदणीत घालतो. एक तास म्हणजे वीतभर जमीन. कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वीस वर्षांत दोन बंड्या समोरासमोरून जात होत्या तिथे एक जाणं कठीण होतं. मग मोजणी, तक्रार, तहसील, आणि दोन घरांतलं बोलणं बंद. पालखीच्या आधीचे दिवस हे असं बोलणं पुन्हा सुरू करण्याचे दिवस असत. चार जण जाऊन धुऱ्यावर बसायचे. कागद कुणी काढायचा नाही, हा नियम. एका वर्षी ज्यांच्यावर सगळ्यांचा राग होता त्या घरची म्हातारी स्वतः शेतात आली. तिनं नातवाला म्हटलं, "माउलीच्या भाकरी जातात इथून, दोन तासं सोड." नातवानं सोडली. कोणत्याही सरकारी आदेशानं एवढी जमीन इतक्या लवकर सुटली असती, असं मला वाटत नाही. त्या जागी पुढे गवत उगवलं, आणि त्या गवतावरून वळणाऱ्या बंडीच्या चाकाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग तो दिवस येतो. आधी दुरून पखवाज. मग पताका, अश्व, पांढऱ्या वेषातल्या वारकऱ्यांच्या रांगा. शेगावच्या पालखीची शिस्त महाराष्ट्रभर वाखाणली जाते आणि ती वाखाणण्याजोगीच आहे. सुमारे सातशे माणसं रस्त्यानं चालतात आणि रांग विस्कटत नाही. त्या शिस्तीच्या मुळाशी सेवाधारी आहेत. शेगाव संस्थानात हजारो माणसं पाळीपाळीनं येऊन विनावेतन सेवा देतात. झाडतात, वाढतात, चपला सांभाळतात, रांगा लावतात. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, कारकून, कुणी काहीही असो, त्या दिवसांत ते फक्त सेवाधारी असतात आणि समोरचा प्रत्येक जण त्यांना माउली असतो. शिवशंकरभाऊ पाटलांच्या कारकिर्दीत ही रीत संस्थानाच्या हाडीमांसी रुजली. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले, तेव्हा करोनामुळे सलग दोन आषाढ पायी वारीविना गेले होते. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसांना ती दोन वर्षं फार लांब वाटली.

पालखी गावाच्या फाट्यावर थांबते तेव्हाचं काम गडबडीचं असतं आणि त्यात मजा असते. कुणी पाय धुतं. कुणी तळपायाचे फोड बघून मलम लावतं. एक जण फक्त तुटलेल्या चपला शिवून देतो, एक जण दाढी करून देतो. बायका पिठलं वाढताना ज्या आग्रहानं बोलतात, तो आग्रह आमच्या भागात फक्त जावयाच्या आणि माउलीच्या वाट्याला येतो. "घ्या ना माउली, अर्धी भाकर घ्या, आखीन लय चालाचं हाये." वारकरी हात जोडतात. उपकार कोणी कुणावर केले, हे त्या क्षणी कुणाच्याच मनात नसतं. अर्ध्या-पाऊण तासात पखवाज पुन्हा वाजतो आणि रांग पुढे सरकते.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्यानंतरचा तास. रस्त्यावर पत्रावळी, कागदी पेले, केळांच्या साली, चिखलात रुतलेलं एखादं फूल. बघे निघून गेलेले. तेव्हा गावातले आठ-दहा जण खराटे घेऊन येतात. फोटो काढणारे कुणी नसतात. त्या माणसांचे खराटे मी पाहतो तेव्हा मला गाडगेबाबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. ते आमच्याच वऱ्हाडचे; अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मले. जिथे जातील तिथे आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात माणसांची मनं, हा त्यांचा शिरस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या कामातली मला विशेष प्रिय वाटणारी गोष्ट म्हणजे ऋणमोचनचा घाट. पूर्णेच्या काठी यात्रा भरायची, काठ चिकण मातीचा, पाण्यापर्यंत उतरताना म्हातारीकोतारी घसरायची. तिथे त्यांनी घाट उभा केला. म्हणजे देवळाच्या आधी त्यांना देवळाकडे येणाऱ्याचा पाय दिसला. ही पूर्णा तीच, जी पुढे आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहते. आणि हा वाट झाडणारा माणूस २० डिसेंबर १९५६ रोजी वाटेवरच गेला, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासात. त्यांच्या नावानं आज स्वच्छतेचे पुरस्कार आहेत. मला मात्र त्यांचं खरं स्मारक या फाट्यावरच्या खराट्यांत दिसतं.

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेचियन नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यामाथ्यानं जाणारी एक पायवाट चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर चालते. बेन्टन मॅकाय या माणसानं १९२१ मध्ये एका लेखात ती सुचवली आणि १९३७ मध्ये ती अखंड जोडली गेली. झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे काढून तिची खूण केलेली असते. देवाचं नाव तिथे नाही, मुक्कामी कीर्तन नाही. जंगल, एकांत आणि चालणं एवढंच. तरी तिच्याविषयी वाचताना मला सारखं घरचं वाचतो आहे असं वाटत राहिलं, कारण ती वाट सुरुवातीपासून आजपर्यंत प्रामुख्यानं स्वयंसेवकांनी राखली आहे. तीसेक मंडळं आहेत. प्रत्येकानं आपापला टप्पा वाटून घेतलेला, आणि मंडळाच्या आत एकेका माणसाच्या नावावर दोन-चार मैल. तो माणूस वर्षातून काही वेळा करवत, कुऱ्हाड घेऊन येतो, पडलेली झाडं कापतो, झुडपं छाटतो, पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगवतो. आणि सगळ्यात जास्त वेळ कशात घालवतो? पाण्यात. वाटेवर तिरपे दगड किंवा ओंडके रोवून पावसाचं पाणी बाहेर काढण्यात. तिथल्या जाणत्यांचंही म्हणणं हेच की वाटेचा खरा शत्रू माणसाचा पाय नाही, वाटेवरून वाहणारं पाणी आहे. बुवांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना काडीचंही नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं मुरूम भेटते का?"

पाण्याशी बोलण्याची ही विद्या आमच्या जिल्ह्यात अलीकडे दुसऱ्या एका कामात उपयोगी पडली. २०१८ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या गावांत आलं. पंचेचाळीस दिवस, ऐन ऊन, आणि गाव उठून टेकड्यांवर समतल चर खणत होतं. चर इथेही आणि तिथेही. पांदणीतला चर पाण्याला वाटेवरून हुसकून लावतो. डोंगरावरचा चर त्याला म्हणतो, थांब, जिर. फरक फक्त उताराचा. ज्या हातांना एक जमतं त्यांना दुसरं शिकवायला वेळ लागत नाही. श्रमदानाला आमच्या भागात जो सहज प्रतिसाद मिळतो त्याचं श्रेय मी वर्षानुवर्षं नीट केल्या जाणाऱ्या या साध्या पांदणींनाही देतो.

एक चालणारा असाही होता ज्याच्यासाठी कुणी मुरूम टाकला नव्हता.

खामगाव आणि बुलढाण्याच्या मध्ये बोथ्याचा घाट लागतो. तो सगळा मुलूख ज्ञानगंगा अभयारण्याचा, सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचा. सागाचं, सालईचं कोरडं जंगल. अस्वलं, बिबटे, नीलगायी. इथे वाघ असल्याची गोष्ट आजोबांच्या तोंडची, आमच्या डोळ्यांची नव्हे. आणि २०१९ च्या डिसेंबरात इथे वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला, टी१सी१ असं रुक्ष नाव मिळालेला तरुण नर. त्याच वर्षी जूनमध्ये तो घरून निघाला होता. तेलंगणात आदिलाबादपर्यंत उतरला, परत फिरला, पैनगंगेचं खोरं, हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा असा भटकत राहिला. पट्ट्यानं नोंदवलेला त्याचा प्रवास ३,००० किलोमीटरांहून अधिक भरला. भारतात कुठल्याही वाघाचा इतका लांब प्रवास तोवर नोंदला गेला नव्हता. बातम्यांनी त्याला 'वॉकर' म्हटलं.

त्याच जूनमध्ये शेगावची पालखीही निघाली होती. अकोला, वाशीम, हिंगोली: एक दिंडी दिवसा, टाळ-मृदंगात, एक जीव बहुधा रात्री, नाल्यानाल्यानं. त्यांच्या वाटा कुठेतरी एकमेकींना छेदल्या असतील, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं. वाघाची वाट तरी कशाची होती? नाल्याच्या काठची निरगुडी आणि शिंदी, दोन शेतांमधला जाड धुरा, पडीक टेकडी, गायरान, कालव्याची कड, आणि ज्या पांदणींच्या बाभळी अजून कुणी तोडल्या नाहीत त्या पांदणी. शेकडो गावांच्या शिवारातून तो गेला आणि बहुतेक गावांना तो आल्या-गेल्याचं कळलंही नाही. म्हणजे तेवढी झाडी, तेवढी सावली, तेवढी न नांगरलेली पट्टी कुणीतरी सोडली होती म्हणूनच ना? सोडणाऱ्याच्या ध्यानीमनी वाघ नव्हता. धुऱ्यावरची बोर आजीनं लावलेली, म्हणून त्यानं ती ठेवली. नाल्याची कड नांगराला झेपत नव्हती, म्हणून ठेवली. पण ठेवली. वाट राखणं म्हणजे दरवेळी काही बांधणंच असतं असं नाही. कधी हात आखडून घेणंही असतं, हे मला त्या वाघानं दाखवलं.

ज्ञानगंगेत तो वर्षभर राहिला. वाघीण त्याला मिळाली नाही. २०२१ मध्ये त्याचं छायाचित्र गौताळा अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात आलं, तिथे कित्येक दशकांनी दिसलेला वाघ म्हणून. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरानं तो पुढे चालत गेला. आमच्या जिल्ह्यातून वाघांना येण्या-जाण्याची एक वाट आहे, हे त्यानं आपल्या पायांनी सिद्ध केलं आहे. जंगलातली माणसं त्या वाटेसाठी आजही राबतात. फेब्रुवारीपासून वाळलेलं गवत काढून जाळरेषा आखायच्या, वणवा अलीकडचा अलीकडे थांबवायचा, एप्रिल-मेमध्ये आटलेल्या पाणवठ्यांत टँकरनं पाणी सोडायचं. वनमजुरांसोबत शहरातली, कॉलेजातली पोरंही या कामाला जातात. त्यांनी भरलेल्या पाणवठ्यावर रात्री कोण येऊन गेलं, हे त्यांना सकाळी चिखलातल्या ठशांवरूनच कळतं.

पालखीच्या वाटेचं मात्र रूप पार बदललं आहे. शेगाव-पंढरपूर मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाला, ५४८ सी. सिमेंट काँक्रीटचा रुंद, सरळ रस्ता. मी या रस्त्याला वाईट म्हणणार नाही. मेहकरहून आजारी माणसाला खामगावला न्यायला लागणारा वेळ ज्यानं मोजला आहे, तो असं म्हणणार नाही. चिखल गेला, खड्डे गेले, रात्रीची भीती कमी झाली. पण रस्त्याकडेचे जुने निंब आणि बाभळी गेल्या, आणि काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन पायाला परत करतं. परतीच्या वारीत ढग असले तर ठीक. उघडीप पडली की वारकरी कडेची ओली माती शोधत चालतात. गाड्यांचा वेग वाढला, म्हणून सेवाधाऱ्यांचं काम वाढलं. दोर धरून, झेंडा दाखवून एक बाजू मोकळी ठेवणं हे आता दिंडीइतकंच महत्त्वाचं झालं आहे. झाडं लावण्याचे कार्यक्रम दर पावसाळ्यात होतात. लावणारे पुष्कळ असतात. चैत्र-वैशाखात पाणी घालणारे थोडे, आणि झाड त्यांचंच असतं, असं माझं ठाम मत आहे. मामाच्या गावच्या फाट्यावर सहा कडुनिंब जगले आहेत ते शाळेतल्या मुलींनी दोन उन्हाळे बाटल्यांनी पाणी घातल्यामुळे. पालखी आता त्या सावलीत थांबते.

शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, सोळा-सतरा किलोमीटरांचा. त्या दिवशी वारीत सातशे माणसं नसतात, लाखाच्या घरात असतात. भल्या पहाटे खामगावातून निघायचं आणि पालखीसोबत शेगावात शिरायचं, ही घाटाखालच्या घराघरातली रीत. कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, नवी नवरा-नवरी, अनवाणी पोरं. आणि त्या सगळ्या अंतरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे उभे असतात ते मोजायला जाऊ नये. चहा, पोहे, साबुदाण्याची उसळ, केळी, पाणी. ज्याला काहीच परवडत नाही तो नुसता पंखा घेऊन वारा घालतो. मी अनेकदा चालण्याऐवजी या कडेला उभा राहिलो आहे. पाण्याचा पेला पुढे करताना समोरून येणाऱ्या हाताकडे बघायला शिकलो. तो हात थरथरत असेल तर माणसाला बाजूला बसवायचं, डोक्यावर ओला रुमाल, मीठ-साखरेचं पाणी. हे कुणी शिकवत नाही, शेजारचा करतो ते बघून येतं.

बुवा आता नाहीत. त्यांच्यानंतर पांदणीचं काम दोन वर्षं रेंगाळलं, चर बुजले, नाल्याजवळचा उतार पार खरवडून गेला. मग त्यांच्यासोबत काड्या रोवत फिरलेल्या पोरांपैकीच एकानं, जो आता गावात सायकली आणि पंप दुरुस्त करतो, ते अंगावर घेतलं. यंदा पालखी शेगावला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गावात बैठक झाली. मुरूम धरला होता, पण नाला पुन्हा वाटेवर आला. दगडी फरशी आता पुरत नाही, नळे टाकावे लागतील, असं ठरलं. सिमेंटचे दोन नळे, वर मुरूम, दोन्ही तोंडांना दगडी पिचिंग. खर्चाला वर्गणी, कामाला घरटी एक माणूस. नळ्यांसाठी खड्डा कुठे घ्यायचा यावर खूप वाद झाला, कारण पाणी नेमकं कुठून वळतं याबद्दल दोन मतं पडली. शेवटी पंपवाला उठला आणि म्हणाला, "भांडू नका ना बाप्पा. पोळ्याच्या आधी एखादा मोठा पानी येईनच. तवा चार जन चला माह्यासंग, पाहून घेऊ."

कुणी जायचं हे तिथेच ठरलं. चौघांत मीही आहे.